मूळ नाडी

त्या वर्षी राष्ट्रीय चित्रसन्मानासाठी आलेल्या चित्रपटांपैकी निम्म्याहून जास्त मेलेले निघाले.

'मेलेला' हा पात्रता कक्षातला रोजचा शब्द. नवखा माणूस तो ऐकून दचकायचा, पण कक्षाचे सचिव तुषार धुळप तो चहा गार झाला म्हणावं इतक्या सहज वापरत. हा मेलेला, तोही मेलेला, ही मालिका पहिले दोन भाग जिवंत आहे आणि मग गेली. नकाराचा शिक्का मारला की पुढची प्रवेशिका. चित्रपट चांगला की टाकाऊ, हे ठरवायला परीक्षक होते. धुळपांचं काम त्याच्या आधीचं. पडद्यावरच्या माणसाला नाडी लागते की नाही, एवढंच त्यांनी पाहायचं. बाकीच्या खात्यांनी त्यांच्या कक्षाला 'वैदूचं दुकान' असं नाव ठेवलं होतं, आणि धुळपांना ते मनातून आवडायचं.

चित्रपटाची नाडी बघायची म्हणजे काय, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल. सन्मानाची नियमावली एके काळी अगदी साधी होती. चित्रपट त्या सालात प्रमाणित झालेला हवा, मालिकेचे भाग त्या सालात दाखवलेले हवेत, नटाचा आवाज त्याचा स्वतःचा हवा, प्रवेशिका मुदतीत यायला हवी. लोक तेवढेही नियम पाळत नसत ती गोष्ट वेगळी. मग यंत्रं माणसं घडवायला लागली. चार ओळींचं वर्णन द्यावं आणि चेहरा मिळावा, चेहरा द्यावा आणि त्याचं हुंदके देऊन रडणं मिळावं, असे दिवस आले. एका वर्षी उत्कृष्ट अभिनेत्रीचं नाव पुकारलं गेलं आणि सन्मान घ्यायला कोणी उठलंच नाही, कारण ती बाई कधी जन्मलीच नव्हती. देशभर छी थू झाली. पुढच्या वर्षी नियमावलीत सतरावा नियम आला: सन्मान फक्त जिवंत देहाने कॅमेऱ्यासमोर केलेल्या अभिनयाला मिळेल.

नियम करायला काय लागतं? तपासायचा कसा, हा प्रश्न होता. तो सोडवला पुण्याच्या डॉ. हेमांगी बेलसरे यांनी. बाई बुटक्या, केस पांढरे, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांचं म्हणणं असं की हृदयाचा एक ठोका पडला की रक्ताची एक लाट चेहऱ्यापर्यंत पोचते. कातडी कणभर लाल होते आणि लगेच पुन्हा फिकी पडते. माणसाच्या डोळ्याला हे दिसत नाही, नवरा-बायकोला जन्मभर समोरासमोर बसून दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसतं. प्रत्येक चित्रफितीत प्रत्येक माणसाच्या गालावर त्याची नाडी चालू असते. यंत्राने घडवलेल्या चेहऱ्यावर ती नसते, कारण ती घालायची असते हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढे काहींच्या डोक्यात आलं. त्यांनी नकली ठोके घातलेही, पण ते फार नीटनेटके असायचे आणि बाई ते झटकन ओळखायच्या. पडद्यावरून काढलेल्या या रेघेला त्यांनी नाव दिलं 'नाडीलेख'.

नाडीलेखाने आणखी एक गोष्ट बाहेर आणली. जसं हस्ताक्षराचं वळण असतं, तसं नाडीलाही असतं. दोन ठोक्यांमधलं अंतर कधी सारखं नसतं. श्वास आत घेताना हृदय थोडं घाई करतं, बाहेर सोडताना जरा सैलावतं. हा श्वास-ठोक्याचा मेळ ज्याचा त्याचा वेगळा, आणि त्याला बेलसरेबाई 'नाडीवळण' म्हणत. मग सरकारने प्रत्येक नट-नटीचं नाडीवळण एकदा नोंदवून ठेवायचं ठरवलं. त्या नोंदीला 'मूळ नाडी' म्हणतात. प्रवेशिकेत नाव ज्याचं, मूळ नाडी त्याचीच जुळायला हवी, आणि एका माणसाला एकच नाडी. चेहऱ्याचं मात्र तसं नव्हतं. पडद्यावर दुसऱ्याचा चेहरा चढवायला परवानगी होती, त्याला 'चेहरालेप' म्हणत. अट एवढीच की खालच्या माणसाच्या कातडीची लाली लेपातून जशीच्या तशी वर यावी. लेप कोणाचाही असो, सन्मान नाडीचा.

मूळ नाडी नोंदवायला सगळ्यात पहिल्या आल्या होत्या वैजयंती सरनोबत. कोल्हापूरच्या. धुळपांच्या आईने पंचवीस वर्षं ज्यांना बघत संध्याकाळची भाजी निवडली, त्या वैजयंतीबाई. खुर्चीत बसल्या, नाकाने एक आखूड श्वास घेतला, क्षणभर थांबवला आणि लांबवर सोडला. ही त्यांची जुनी सवय, प्रत्येक दृश्याआधीची. यंत्राचं काम आटोपल्यावर उठता उठता म्हणाल्या, "काय धुळपसाहेब, जिवंत आहे न्हवं मी? मग लिहून द्या की तसं." धुळपांनी ही गोष्ट पुढे किती जणांना सांगितली असेल, त्याला गणती नाही.

त्या वैजयंतीबाई वारल्या त्यालाही आता दोन वर्षं होऊन गेली होती. आणि मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात 'माघारीण' नावाचा चित्रपट कक्षात आला, ज्यात वैजयंतीबाई पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत होत्या.

यात गैर काही नव्हतं. प्रवेशिकेत सगळं सरळ सांगितलं होतं. चेहरालेप वैजयंती सरनोबत यांचा, अभिनय त्यांची मुलगी मृण्मयी सरनोबत हिचा. माहेरी कायमची परत आलेल्या एका म्हाताऱ्या बाईची गोष्ट होती. धुळपांनी नियमाला सोडून तो चित्रपट बघितला, आणि शेवटी त्यांना डोळे पुसावे लागले. मग त्यांनी तो बेलसरेबाईंच्या यंत्राला लावला.

नाडी लागली. ठणठणीत. मात्र यंत्राने खाली नाव दाखवलं ते वैजयंती सरनोबत.

धुळप उठून बेलसरेबाईंच्या खोलीत गेले. बाईंनी स्वतः पुन्हा लावून पाहिलं, वेगवेगळ्या दृश्यांवर. हसताना, रडताना, नुसतं तांदूळ निवडताना. सगळीकडे वैजयंती.

"म्हणजे जुनं चित्रण आहे," धुळप म्हणाले. "बाई जिवंत असताना घेतलेलं, आणि आता मुलीचं नाव लावलंय. खोटी घोषणा. सरळ बाद."

"नाही. चित्रण गेल्या वर्षीचं आहे. एका दृश्यात मागे नवा पूल दिसतो, तो त्यांच्यानंतर झालाय."

"मग खाण तशी माती. आई-मुलीची नाडी सारखी असेल."

"सारखी नव्हती," बाई म्हणाल्या. "चौदा वर्षांपूर्वी मुलीचीही मूळ नाडी आपण घेतलीय. पार वेगळी आहे."

"बाई, त्या वारल्या. मी स्वतः मातीला गेलो होतो."

बेलसरेबाईंनी यंत्र बंद केलं. त्यांनी मृण्मयीला बोलावून घेतलं.

ती आली शेवटच्या तारखेला, सकाळी. चाळिशीची, उंच, साधा सुती कुडता. आईसारखी दिसायला मुळीच नव्हती, आणि हे तिला जन्मभर लोकांनी ऐकवलं असणार. धुळपांनी नियम, नाडीलेख आणि यंत्राने दाखवलेलं नाव, सगळं तिला सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग तिने जे सांगितलं, ते धुळपांनी कानाआड केलं, कारण ते ऐकलं असतं तर त्यांना सरनोबतांचे जुने सन्मान परत मागावे लागले असते.

शेवटची दहा वर्षं वैजयंतीबाईंना आवाज नव्हता. घशाची शस्त्रक्रिया झाली आणि आवाज गेला तो गेलाच. तेव्हा त्यांची एक रोजची मालिका जोरात चालू होती. बाई कॅमेऱ्यासमोर नुसते ओठ हलवायच्या आणि संध्याकाळी मृण्मयी आवाज भरायची. रोज. पण नियमावलीत नटाचा आवाज स्वतःचा हवा, म्हणून ही गोष्ट मायलेकींच्या आणि एका ध्वनिमुद्रकाच्या पलीकडे गेली नाही; बाकीच्यांना बाई घसा जपतात एवढंच ठाऊक होतं. मालिकेच्या नामावलीत मृण्मयीचं नाव कधी लागलं नाही. आई सन्मान घ्यायला गेली तेव्हा ही घरी बसून टाळ्या ऐकत होती.

"आता पैसे लावणारे म्हणाले, चेहरा आईचाच हवा," ती म्हणाली. "मी म्हटलं, चालेल. चेहरा तिचा, पण नियमानं सन्मान नाडीला. म्हणजे या वेळी तरी माझा. मला माझं नाव हवंय, सर. एकदाच."

धुळपांना तिची कणव आली.

बेलसरेबाईंना मात्र दुसरंच काही खुपत होतं. आवाज भरायचं काम नेमकं कसं करतात, असं त्यांनी विचारलं. मृण्मयी म्हणाली, नवीन मुलं शब्द पकडायला जातात आणि तिथेच फसतात. ओठ बघत बसलं की आवाज नेहमी मागे पडतो. तिच्या गुरूंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आधी समोरच्याचा श्वास पकड, शब्द आपोआप बसतील. पडद्यावरचं माणूस कधी श्वास घेतं, किती थांबतं, कुठे सोडतं. तो श्वास आपल्या छातीत घेतला की त्याचं वाक्य आपल्या तोंडात येतं. या धंद्यातले सगळे असंच करतात.

"आणि तुम्ही ते दहा वर्षं एकाच माणसाबरोबर केलंत," बेलसरेबाई म्हणाल्या. त्यांनी धुळपांकडे पाहिलं. धुळपांना काही उलगडलं नाही, तेव्हा त्यांनी फोड करून सांगितली. हृदय आपल्या ताब्यात नाही, पण श्वास आहे. श्वास बदलला की ठोक्यांची ठेवण बदलते. घटकाभर बदलला तर घटकाभर. रोज तासन्‌तास, दहा वर्षं, आणि त्यावर वर्षभर तोच श्वास घेऊन चित्रपट केला, तर? असं कोणी आजवर केलं नव्हतं, म्हणून कोणी तपासलंही नव्हतं.

"म्हणजे अभिनय करताना त्यांची नाडी आईची होते, असंच ना?" धुळपांना हायसं वाटलं. "मग सोपं आहे. आत्ता साधी नाडी घेऊ. ती त्यांची निघेल, आपण तसा शेरा मारू, प्रश्न मिटला."

मृण्मयी खुर्चीत बसली. ना लेप, ना रंगभूषा. खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं, खाली कोणीतरी भंगारवाल्याशी घासाघीस करत होतं. बेलसरेबाईंनी तिला गप्पांत गुंतवलं. प्रवास कसा झाला, कोल्हापूरला ऊन किती आहे, असलं काहीबाही. ती मोकळेपणी बोलत होती. यंत्राने रेघ काढली, जुळवून पाहिली आणि नाव दाखवलं.

वैजयंती सरनोबत. सजीव.

मृण्मयीने पडद्याकडे पाहिलं आणि कोणीतरी तिची टिंगल करतंय अशी बारीक हसली.

"पुन्हा घ्या. मी माझा श्वास घेते."

तिने डोळे मिटले. बराच वेळ तशी बसली. छाती वर गेली, अडली, खाली आली. पुन्हा तेच. कपाळावर घाम आला. मग तिने डोळे उघडले आणि विचारलं, "माझा श्वास कसा होता?"

कोणाला आपला श्वास कसा आहे ते ठाऊक असतं? तो लहानपणापासून लागलेला असतो, आपण त्याच्याकडे बघतच नाही. तिचा श्वास कसा होता, हे साऱ्या जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, चौदा वर्षांपूर्वीच्या त्या नोंदीत. बेलसरेबाईंनी ती नोंद काढली. लहानशीच होती, पाच-सात मिनिटांची. त्यांनी तिचा आवाज केला, धप्प, धप्प, असा, आणि पडद्यावर श्वासाची रेघ लावली. रेघ वर गेली की श्वास आत, खाली आली की बाहेर.

"याच्याबरोबर जमेल?"

"मॅडम, आयुष्यभर हेच केलंय," मृण्मयी म्हणाली.

आणि ती स्वतःचा श्वास भरायला बसली. सुरुवातीला ठेचकाळली. तिचा श्वास पुढे, रेघ मागे. मग हळूहळू बसत गेला. खांदे खाली आले. मान किंचित कलली, एखाद्या पोरसवदा, बुजऱ्या मुलीची कलते तशी. यंत्रावरचं नाव लुकलुकलं आणि बदललं: मृण्मयी सरनोबत.

धुळप आनंदाने काही बोलणार, तेवढ्यात ती रडायला लागली.

"आई गेली," ती म्हणाली.

धुळपांना कळेना. ती बोलत राहिली, तुटक तुटक, रेघेवरची नजर न काढता. "आई गेली माझी. दोन वर्षं झाली. मी रडले नव्हते हो. सगळे म्हणाले, पोरगी दगड आहे. मलाही तसंच वाटायचं. ती गेलीय असं वाटतच नव्हतं. आत्ता वाटतंय." तिने हाताने खुर्चीची कड घट्ट धरली होती. "मॅडम, हे बंद करू नका. थोडं आणखी राहू द्या."

पण नोंदच तेवढी होती. रेघ संपली, आवाज थांबला. मृण्मयीने शेवटचा श्वास जमेल तितका धरून ठेवला, चेहरा लाल होईपर्यंत. मग तो सुटला. नाकाने एक आखूड श्वास आत गेला, क्षणभर थांबला, लांबवर बाहेर आला. यंत्रावरचं नाव बदललं. तिने तळहाताने गाल खालून वर असे पुसले, रंग बिघडू नये म्हणून जुन्या नट्या पुसतात तसे. गालाला रंग तर नव्हताच.

"झालं का?" तिने प्रसन्नपणे विचारलं. "काय धुळपसाहेब, जिवंत आहे न्हवं मी? मग लिहून द्या की तसं."

धुळपांनी चटकन बेलसरेबाईंकडे पाहिलं. ही गोष्ट तिच्या आईने तिला घरी शंभर वेळा सांगितली असेल, असं ते स्वतःला समजावत राहिले. सांगितलीच असेल. न सांगायला काय झालं?

त्यानंतर जे बोलणं झालं ते कोरडं, कचेरीतलं होतं, आणि धुळपांना त्याचाच आधार वाटला. मार्ग दोनच होते. मुदत संध्याकाळी संपत होती. प्रवेशिका आहे तशी ठेवली तर नाव आणि नाडी जुळत नाही, म्हणून बाद. दुसरा मार्ग नूतनीकरणाचा. आजार, अपघात, वय यांमुळे नाडीवळण बदलतं, तेव्हा नटाला नवी मूळ नाडी नोंदवता येते. वैजयंतीबाई वारलेल्या, त्यांची नोंद बंद करता येईल. मग ही आत्ताची नाडी मृण्मयीच्या नावावर चढेल, चित्रपटाशी जुळेल आणि 'माघारीण' पात्र ठरेल. फक्त एका माणसाला एकच नाडी. नवी चढली की जुनी पुसली जाणार. तिची प्रत ठेवणं गुन्हा होता, कारण जुन्या नाडीवरून कोणीही खोटं माणूस उभं करू शकलं असतं.

मृण्मयीने बेलसरेबाईंना विचारलं, "ती पुसली तर मला परत तिच्याबरोबर बसता येणार नाही?"

"नाही."

"आणि राहू दिली, रोज येऊन बसले, तर मी परत येईन?"

"येऊ शकाल. सांगता येत नाही. वाट असलीच तर ती एकच आहे." आणि बाई, ज्या कधी कोणाला सल्ला देत नसत, पुढे म्हणाल्या, "सन्मान पुढच्या वर्षी पुन्हा असतो. राहू द्या."

मृण्मयी उठून खिडकीशी गेली. पाठमोरी उभी राहिली. धुळप तिच्या पाठीकडे बघत होते, आणि त्यांना लाज वाटली तरी ते तिचा श्वास मोजत होते. किती वेळ गेला कोण जाणे. एकदा ती मध्येच दोन-तीनदा धाप लागल्यासारखी झाली, जशी एखादी मुलगी गर्दीत हात सुटल्यावर होते. मग शांत झाली. आखूड श्वास, थांबा, लांब उसासा. ती वळली तेव्हा तिच्या तोंडावर हसू होतं.

"पुसा," ती म्हणाली.

"मृण्मयी, नीट विचार करा."

"केला की विचार. पोरीनं दहा वर्षं माझ्या मागं अंधारात उभं राहून बोलून दिलं. मी हार घालून घेतले आणि एकदा तिचं नाव घेतलं नाही. आता तरी चारचौघांत तिचं नाव पुकारू दे. माझं काय राहिलंय? माझं सगळं झालं." तिने धुळपांकडे पाहिलं. "नोंद माझीच बंद करताय न्हवं? करा. आईची नोंद पोरीसाठी गेली तर काय बिघडतं?"

"दोन्ही जातील," बेलसरेबाई म्हणाल्या. "तिचीही जाईल."

ते तिच्या कानापर्यंत पोचलं की नाही, सांगता येत नाही. ती हसतच राहिली.

धुळपांनी नियमावली पुढे ओढली. जुनी नाडी पुसायला नोंदधारकाची संमती लागते, असं त्यात स्पष्ट होतं. समोरची बाई नोंदधारक आहे की नाही, हे ठरवायला पुरावा एकच, नाडी. आणि नाडी म्हणत होती की नोंदधारक या खोलीत नाहीच. आयुष्यात पहिल्यांदा धुळपांना नियमाने मध्येच सोडून दिलं. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण संध्याकाळ होत आली होती, चित्रपट चांगला होता, आणि समोरून विनवणी करत होतं ते माणूस त्यांच्या आईचं लाडकं होतं. त्यांनी कळ दाबली. यंत्राने क्षणात काम केलं, काही आवाजसुद्धा झाला नाही.

बेलसरेबाई त्यांच्याशी त्यानंतर कामापुरतंच बोलल्या. पुढच्या महिन्यात त्यांनी आवाज भरणाऱ्या आणखी काही कलावंतांना कसलंसं निमित्त काढून बोलावलं आणि त्यांच्या नाड्या पुन्हा घेतल्या. काय निघालं ते कोणाला सांगितलं नाही, पण त्या दिवसांत त्यांना नीट झोप लागत नसे असं त्यांच्या तोंडावरून दिसायचं. एकदा धुळपांना म्हणाल्या, तुम्हीही बसा की एकदा खुर्चीत, पंचवीस वर्षं आईच्या शेजारी बसून त्याच बाईंना बघितलंत ना? धुळपांनी हसून विषय बदलला. ते त्या खुर्चीत बसले नाहीत, आजवर नाही.

सन्मान 'माघारीण'लाच मिळाला, यात कोणाला नवल वाटलं नाही. समारंभ दिल्लीत होता. रिवाजाप्रमाणे विजेत्यांबरोबर कक्षाचा अधिकारी बसतो, तसे धुळप तिच्या शेजारी बसले होते. ती हिरव्या काठाची साडी नेसली होती आणि सगळ्यांशी गोड बोलत होती. व्यासपीठावरून पुकारा झाला: उत्कृष्ट अभिनेत्री, मृण्मयी सरनोबत. दिव्याचा झोत त्यांच्या रांगेवर येऊन थांबला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

सगळ्यांत जोरात टाळ्या ती वाजवत होती. तिचे डोळे भरून आले होते. टाळ्या वाजवता वाजवता तिने मान मागे वळवली, मागच्या रांगा पाहिल्या, मग दारापर्यंत नजर टाकली, पुन्हा मागच्या रांगा पाहिल्या. नाव दुसऱ्यांदा पुकारलं गेलं.

धुळप खाली वाकून म्हणाले, "चला. तुमचं नाव पुकारतायत."

"माझं कुठलं? पोरीचं आहे," ती म्हणाली, आणि टाळ्या न थांबवता अजून मागेच बघत राहिली. "बुजरी आहे हो. तुम्ही जरा हाक मारता का? अजून कशी येईना?"